लिव्हर धरून बसलेला माणूस

माझ्या काकांना यार्डात सगळे ‘मंत्री’ म्हणायचे. का, तर एकदा खुर्चीत बसले की उठायचे नाहीत.

आमचं यार्ड म्हणजे खाडीच्या काठावरचा एक लांबलचक सिमेंटचा उतार. उतारावर रूळ, रुळांवर लोखंडी गाडा. भरतीला बोट त्या गाड्यावर घ्यायची, बांधायची आणि वरून विंचनं ओढायची. विंच म्हणजे तेलाच्या दाबावर फिरणारा भला मोठा ड्रम, त्यावर वायर गुंडाळलेली. उताराच्या डोक्यावर तिची खोली. तिथं एक खिडकी, एक खुर्ची, एक लिव्हर. लिव्हर आपल्याकडे ओढला की बोट वर येते, पुढे ढकलला की खाली जाते आणि सोडून दिला की जिथं असेल तिथं थांबते. म्हणजे थांबायला पाहिजे.

त्या खुर्चीत माझे काका बसायचे. मी शाळेत जायच्या आधीपासून.

छोट्या कामांना आमच्याकडे बोट पूर्ण वर काढतच नाहीत. निम्म्या उतारावर उभी करतात. मग खालची माणसं बोटीच्या पोटाखाली शिरतात, शिंपले खरवडतात, रंग मारतात, आणि पुढच्या भरतीला बोट परत पाण्यात. वेळ वाचतो, मालक खूश. चाकांना लाकडी गुटके लावतात, पण ओल्या रुळावर गुटका म्हणजे नुसतं देवाला हात जोडल्यासारखं. खरी बोट लटकलेली असते विंचच्या वायरीवर.

आणि तेवढा सगळा वेळ काका लिव्हर धरून बसलेले.

“मंत्री, चहाला या!” खालून रंगारी ओरडायचा.

“वर पाठव.”

“अहो, पाच मिनिटांचा राजीनामा द्या की! सरकार काय पडत नाही!”

खाली हशा. काका हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. डाव्या हातानं चहा प्यायचे, तोही अर्धाच. पाणी तर कामावर असताना जवळजवळ नाहीच. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा मी घास भरवायचे आणि ते डाव्या हातानं माझी वेणी ओढायचे. उजवा हात लिव्हरवर. तेल ढकलणारं इंजिन घुर्र घुर्र चालूच. तेलाची टाकी तापायची म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलेलं. उभ्या बोटीला इंजिन कशाला चालू ठेवतात, असं कुणी विचारलं तर दुसरा कुणीतरी म्हणायचा, “मंत्र्यांना गाण्याशिवाय करमत नाही.”

लग्नाला नाही, बारशाला नाही, मयतीला नाही. बोट नसली तरी ते तिथंच असायचे, वायरीला ग्रीस लाव, टाकी पूस. लोकांनी बोलावणंच सोडून दिलं. माणसाला दोन-चार वेळा बोलावतात, मग त्याला त्याच्या जागी सोडून देतात. सगळीकडे असंच असतं.

घरात आम्ही तिघं. काका, काकू आणि मी. माझी आई मला आठवत नाही. बाप कामासाठी लांब गेला आणि तिकडचाच झाला. तो काकांचा सख्खा भाऊ, पण त्याचं नाव घरात निघत नाही. मला वाढवलं काकूनं. बडबडी बाई होती. दिवसभर घरात एकटी, म्हणून संध्याकाळी काका आले की तिचा नळ सुटायचा. शेजारणीचं काय झालं, मांजरीनं काय केलं, दुपारी खोलीत ऊन कुठून येतं आणि कुठपर्यंत सरकतं, सगळं. काका ऐकायचे. ‘हं’ म्हणायचे. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, बोटं अर्धवट मिटलेली, जणू अजून काहीतरी धरलंय.

काकूच्या छातीचं दुखणं वाढलं आणि तिला दवाखान्यात ठेवलं. एका सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांना बोलावून घ्या. मी शेजारच्या पोराला यार्डात पळवलं. पोरगा परत आला. म्हणाला, “सांगितलं. ते म्हणाले, येतो.”

काका संध्याकाळी आले. बोट पाण्यात गेल्यावर. तोवर काकूच्या तोंडावर चादर आली होती.

ती दाराकडे बघत होती वगैरे मी सांगणार नाही. ती झोपेतच होती. दाराकडे मी बघत होते.

त्यानंतर यार्डात आणि गल्लीत एक वाक्य फिरायला लागलं. याला बायकोपेक्षा विंच प्यारी. वर्गात एका मुलीनं ते मला ऐकवलं. मी तिला कंपासपेटी फेकून मारली. मोठ्या बाई म्हणाल्या, माफी माग, नाहीतर घरी जा. मी घरी गेले. परत गेलेच नाही.

मी काकांना कधी विचारलं नाही की तुम्ही का आला नाहीत. विचारणं म्हणजे त्या मुलीच्या बाजूला जाऊन उभं राहणं.

मग मी यार्डातच लागले. होजच्या खोलीत. होज म्हणजे तेलाचे जाड रबरी पाइप. कापायचे, टोकाला फिटिंग बसवायचं, प्रेसमध्ये घालून दाबायचं. माझ्या वस्तादानं मला तेलाच्या मशिनींचं सगळं शिकवलं, आणि तो घरी बसल्यावर खोली माझी झाली. आता सगळे मला ‘पाइपवाली’ म्हणतात. म्हणू देत. पण माझ्यासमोर ‘मंत्री’ म्हटलं की मी हातातलं काम टाकून बघते कोण बोललं ते.

नवे साहेब आले तिथून ही गोष्ट सुरू होते. माणूस वाईट नव्हता. उलट भलाच. आल्या आल्या सगळीकडे फिरला, काकांना बघितलं, आणि म्हणाला, “काका, किती वर्षं हेच करताय? हात बघा तुमचा, थरथरतोय. तुम्हाला स्टोअरला टाकतो. पंखा आहे, बसून काम. इथं नवा मुलगा घेतलाय, शिकलेला आहे, क्रेन चालवून आलाय.”

“नको,” काका म्हणाले.

“का नको?”

“नको म्हणजे नको.”

“काही कारण?”

काका खिडकीबाहेर बघत बसले. खाली लोक हसले. रंगारी म्हणाला, “साहेब, मंत्र्याला खुर्चीवरून उठवायला निवडणूक घ्यावी लागेल.”

साहेब हसले नाहीत. म्हणाले, “पुढच्या आठवड्यापासून नवा बसेल. ठरलं.”

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा सांडला. ते म्हणाले, “अगं, मी त्यांना आराम देतोय, शिक्षा नाही.” बाहेर आले तर काका केबिनच्या दाराशी उभे. म्हणाले, “तू कशाला मधे पडतेस? जा कामाला.”

त्यांचा चेहरा उतरला होता, पण जागा गेलेल्या माणसाचा उतरतो तसा नाही. आग लागलेल्या घरात कुणाला तरी ठेवून बाहेर आलेला माणूस असेल, तसा.

त्याच आठवड्यात विंचचा होज पाझरायला लागला. उतारावर बोट नव्हती. मी नवा होज बनवला, पाने घेतले आणि वर गेले. इतकी वर्षं त्या खोलीत जात होते, पण ड्रमच्या मागे, मोटरपाशी, कधी वाकले नव्हते. वस्तादानं बसवलेले होज टिकले होते, वेळच आली नव्हती.

काका म्हणाले, “आहे तसाच बसव. बाकी कशाला हात लावू नकोस.”

असं ते मला कधी म्हणत नसत. म्हणून मी नीट बघितलं.

ड्रम फिरवणाऱ्या मोटरला दोन होज येतात. एकात तेल सोडलं की ड्रम असा फिरतो, दुसऱ्यात सोडलं की तसा. यातल्या एका बाजूला एक लोखंडी ठोकळा असतो. त्यात व्हॉल्व्ह. लिव्हर सोडल्यावर तो तेलाला मागे पळू देत नाही, म्हणजे वजन अडकून राहतं. ठोकळा होता, पण भलत्या बाजूला. मग मला दुसरी शंका आली. या विंचच्या आतला ब्रेक सायकलच्या फ्रीव्हीलसारखा असतो. एका दिशेनं घट्ट धरतो, दुसऱ्या दिशेनं टरटर मोकळा फिरतो. मी होज सुटलेलाच ठेवला, ड्रमच्या कडेला लांब पहार अडकवली आणि अंगाचा सगळा भार टाकला.

वायर सोडायच्या दिशेनं ड्रम सरकला. ओढायच्या दिशेनं ढिम्म.

म्हणजे ब्रेक होता, चांगला भक्कम होता, पण उलटा. बोट आपणहून चढावर पळत सुटली असती, तर त्यानं तिला नक्की थांबवली असती.

कसं झालं असेल तेही मला तिथंच कळलं. विंच जुनी, दुसरीकडून आणलेली. ती बनवली होती ड्रमच्या खालून वायर जाण्यासाठी. आमच्या भिंतीतलं वायरीचं भोक वर. मग बसवणाऱ्यांनी काय केलं, वायर ड्रमच्या वरून गुंडाळली, ड्रम उलटा फिरावा म्हणून दोन होजांची अदलाबदल केली, बोट वर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गेले घरी. ड्रमची दिशा बदलली तर आतल्या ब्रेकची पण बदलावी लागते, व्हॉल्व्ह पण हलवावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चढताना कुठं काही कळतंय? कळतं ते थांबल्यावर.

मी मान वर केली. काका खिडकीबाहेर बघत होते. उतारावर काहीच नव्हतं, तरी बघत होते.

“होज बसव,” ते म्हणाले.

संध्याकाळी घरी मी ताटं वाढली आणि बसले. मला पोटात काही ठेवता येत नाही.

“तुम्हाला माहीत होतं.”

“जेव.”

“लिव्हर सोडला की बोट खाली जाते. म्हणून तुम्ही उठत नव्हतात. इंजिन बंद करत नव्हतात. केसभर ओढून धरायचं, तेल बोटीच्या वजनाइतकंच ढकलत राहील असं. दिवसभर. हो ना?”

काकांनी पाण्याचा तांब्या हलवला, परत तिथंच ठेवला. “पहिल्याच बोटीला कळलं. हातभर सरकली. मी धरली. तेव्हाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, चालतंय ना? मग चालू दे. वर म्हणाले, खालच्या लोकांना बोलू नकोस, बोटीखाली कोणी जाणार नाही, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“आज नीट करतील, उद्या नीट करतील, असं म्हणत राहिलो. मग साहेब बदलले. मग हाताला सवय झाली.”

“दुसऱ्या कुणाला शिकवायचं तरी.”

“काय शिकवू? आवाज कसा ऐकायचा ते? खाली माणसं असताना कुणाच्या हातात देऊ?”

मला राग आला. खरंच आला. त्यांच्यासाठी मी जगाशी भांडते, आणि हे इतकी वर्षं माणसांना त्या बोटीखाली जाऊ देत होते, तोंडातून एक शब्द न काढता. मी तसं बोलून टाकलं. ते म्हणाले, “खरं आहे.” एवढंच. भांडायला समोर कोणी नसलं की राग कुठं ठेवायचा कळत नाही.

“तो नवा मुलगा बसणार, लिव्हर सोडणार आणि माणसं मरणार,” मी म्हटलं. “सांगायला पाहिजे. आणि काका, हे असं काही मोठं नाहीये हो. ब्रेकचं झाकण काढायचं, आतलं एकाच बाजूनं धरणारं कडं उलटं करून बसवायचं, व्हॉल्व्ह या बाजूचा त्या बाजूला घ्यायचा, दोन होज नवे. दीड-दोन दिवसांचं काम आहे!”

मी हे आनंदात बोलले. त्यांना बरं वाटेल म्हणून.

काका हात धुवायला उठले. ताटात सगळं तसंच. मोरीपाशी पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, “दीड-दोन दिवसांचं.”

“हो.”

“तेच मला ऐकायचं नव्हतं, बाळा.”

पाणी वाहत राहिलं. मग त्यांनी नळ बंद केला.

“मी म्हणायचो, ही विंचच अशी आहे. तिचा स्वभावच असा. कुणी काही करू शकत नाही. तुझी काकू गेली त्या दिवशी पण हेच म्हटलं. काही करता येण्यासारखं नव्हतं.” त्यांनी टॉवेलला हात पुसले, एकेक बोट सुटं करून. “आणि काम दीड-दोन दिवसांचं.”

मी ताटं उचलली आणि घासत बसले, स्वच्छ झाली तरी घासत बसले.

सकाळी ते माझ्या आधी निघाले. मला वाटलं साहेबांकडे जातील. ते गेले उतारावर, खालच्या माणसांकडे. मी पोचले तेव्हा सगळे रिकाम्या गाड्याभोवती उभे होते, हातात खरवडण्या, रंगाचे डबे. काकांना खाली उभं बघायची कुणाला सवयच नव्हती. ते तिथं लहान दिसत होते.

“विंचला ब्रेक नाही,” काका म्हणाले. “पहिल्यापासून नाही. तुम्ही खाली असता तेव्हा बोट मी हातानं धरलेली असते. आता मी जाणार, म्हणून सांगतोय. नीट होईपर्यंत कुणी खाली जाऊ नका.”

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मंत्र्यांचं भाषण म्हणून. मग हसू विझलं.

“म्हणजे? आम्ही बोटीखाली झोपायचो दुपारी,” एक जण म्हणाला. “आणि हे आज सांगतोस? तुला लाज नाही वाटत?”

“वाटते.”

शिव्या पडल्या. मी पुढे सरकले तर काकांनी हात आडवा केला. त्यांना त्या शिव्या पूर्ण ऐकायच्या होत्या असं दिसलं.

रंगारी मात्र एका बाजूला उभा होता. हा काकांच्याच वयाचा, तोंडाचा फाटका, आणि ‘बायकोपेक्षा विंच प्यारी’ हे पहिल्यांदा बोललेला हाच. सगळे थकल्यावर त्यानं हळूच विचारलं, “वहिनी गेली त्या दिवशी पण धरून होतास?”

“हो.”

“कोण होतं रे खाली त्या दिवशी?”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. “तू होतास. बोटीच्या पोटाला रंग मारत होतास.”

रंगाऱ्यानं हातातला ब्रश डब्यात ठेवला. परत उचलला. परत ठेवला. मग गाड्याच्या पलीकडे, पाण्याकडे निघून गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

साहेबांनी उतार बंद केला. घाबरले होते, आणि घाबरायलाच पाहिजे होतं. विंचच्या खोलीत आले, काका खुर्चीत बसलेले, मी ड्रमपाशी. साहेबांनी मला विचारलं, “किती वेळ लागेल?”

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर.

“सांगता येत नाही,” मी म्हटलं. “अवघड काम आहे.”

“अंदाज?”

“अंदाज नाही. आत काय निघतंय त्यावर आहे. इतक्या वर्षांचं उलटं, सुलटं करायला वेळ लागणारच.”

मला एका जागी बसायचं म्हणजे अंगावर मुंग्या चढतात. होज दाबताना पण मी पायानं ताल धरते. आणि मी त्या ब्रेकच्या झाकणाचे बोल्ट असे सोडवले की गोगलगायीनं हात टेकावेत. बोल्ट जाम आहेत म्हणून सांगितलं. एकही जाम नव्हता. तेल सोडून रात्रभर मुरू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी झाकणाचं पॅकिंग फाटलं म्हणून सांगितलं. फाटलं होतं खरं, पण तसं पॅकिंग मी चहा पिता पिता कापते. ते बाहेरून मागवायला लावलं. आतलं कडं काढलं, डिझेलमध्ये धुतलं, पुसलं, उन्हात धरून बघितलं, परत धुतलं. व्हॉल्व्हचा ठोकळा पूर्ण खोलला. त्याला काही झालं नव्हतं.

“काय गं पाइपवाली, अंडी उबवतेस का?” खालून आवाज.

“हिचा हात जड झाला.”

“शाळा सोडली की असंच होतं.”

मी ऐकून घेतलं. मी! साहेब रोज येऊन घड्याळ बघायचे, मालक त्यांच्या डोक्यावर, ते माझ्या. एकदा म्हणाले, “तुला जमत नसेल तर बाहेरचा माणूस बोलावतो.” मी म्हटलं, “बोलवा. तो पण हेच सांगेल.” बाहेरचा माणूस आला असता तर त्यानं त्याच दिवशी पाने गुंडाळून पैसे मागितले असते.

काका रोज वर येऊन खुर्चीत बसायचे. ड्रम उघडा, इंजिन बंद, लिव्हरला काही अर्थ नाही, तरी हात लिव्हरवर. माझ्याकडे बघायचे. मागितला तर पाना द्यायचे. एकदा मी एक बोल्ट ‘जाम’ आहे म्हणून त्याच्याशी झटापट करत होते, तर ते उठले, माझ्या हातातला पाना घेतला आणि बोल्ट एका झटक्यात सोडवला. क्षणभर बोल्टकडे बघितलं. मग काय केलं, तो परत आत फिरवला, हलकाच, आणि पाना माझ्या हातात दिला.

“जाम आहे,” म्हणाले आणि जाऊन बसले.

मी बोल्टकडेच बघत राहिले. नाहीतर रडले असते.

शेवटी साहेबांचा धीर सुटायला आला तेव्हा मी कडं उलटं बसवलं, व्हॉल्व्ह ओढायच्या बाजूला घेतला, नवे होज दाबले, तेल भरलं. आधी पहारेनं बघितलं. आता ओढायच्या दिशेनं ड्रम हलला, सोडायच्या दिशेनं ढिम्म. मग यार्डातली एक भंगार बोट गाड्यावर चढवली. खाली कुणाला उभं राहू दिलं नाही. सगळे कडेला कठड्यापाशी. नवा मुलगाही आला होता, भिंतीला टेकून.

काकांनी लिव्हर ओढला. ड्रम फिरला, वायर ताणली, भंगार बोट कुरकुरत वर यायला लागली. निम्म्यावर आली.

“सोडा,” साहेब म्हणाले.

काकांचा हात हलला नाही.

“काका, सोडा की.”

“सोडतो.” पण हात तसाच. कपाळावर घाम. इंजिनाच्या आवाजाकडे कान, केसभर ओढलेलं, नेहमीसारखं.

मी खुर्चीपाशी खाली बसले. हळू म्हटलं, “खाली कोणी नाहीये, काका.”

“धरते ना नक्की?”

“मी बसवलंय.”

त्यांनी करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग एकेक. शेवटी तळवा. लिव्हर खट्‌कन मधे आला.

बोट उभी राहिली. खाली नाही, वर नाही. जिथं होती तिथं.

काकांनी इंजिन बंद केलं. बोट वायरीवर असताना त्या खोलीत शांतता मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. बोटीच्या अंगावरून निथळणाऱ्या पाण्याचा टप टप आवाज वरपर्यंत येतो, हे मला माहीतच नव्हतं.

कठड्यापाशी कुणीतरी ओरडलं, “सरकार पडलं रे!” थोडे हसले. रंगारी हसला नाही. तो वर चढून दारापर्यंत आला, हातात चहाचा पेला. आत यायचं धाडस झालं नाही त्याला. काका उठले, स्वतः दारापर्यंत गेले, पेला घेतला. डाव्या हातानं. उजवा मांडीपाशी तसाच, काहीतरी धरल्यासारखा. दोघं उन्हात उभे राहिले.

मग नवा मुलगा खुर्चीत बसला. बसला, लिव्हर हलवून बघितला आणि म्हणाला, “सोपी आहे की.” त्याची चूक नव्हती. आता ती सोपीच होती.

काका म्हणाले, “मी घरी जाऊन येतो जरा.” दुपार होती.

मी हत्यारं आवरली, हात धुतले आणि मागोमाग गेले. दार लोटलेलं. काका काकूच्या खाटेवर बसले होते. त्या खाटेवर आम्ही कुणी बसत नाही. समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक लांब पट्टा पडला होता, खिळ्यापासून कपाटाच्या कडेपर्यंत.

“या वेळेला इथं ऊन येतं होय,” ते म्हणाले.

“येतं.”

“ती सांगायची. खिळ्यापासून सुरू होतं म्हणायची. मी ‘हं’ म्हणायचो.”

मी दारात उभी होते. पाय सारखे निघायला बघत होते. यार्डात दोन होज दाबायचे राहिले होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. खाट करकरली.

मग ते म्हणाले, “अवघड होतं गं काम.”

“फार,” मी म्हटलं. “कुणाला जमलं नसतं.”

ते मान हलवत राहिले. ऊन कपाटावर चढलं. त्यांचा उजवा हात आमच्या दोघांच्या मधे पडलेला होता, बोटं अर्धवट मिटलेली. मी त्यात माझा हात घातला. त्यांनी तो धरला नाही, सोडलाही नाही. केसभर ओढून ठेवला.